चार महिने काटा ६३ वरच अडकलाय, शेवटच्या तीन किलोंचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३९, उंची १६० सेंटिमीटर, राहायला जुळे सोलापूर, दीड वर्षात ७४ वरून ६३ वर आलात, रोज सकाळी कंबर तलावाला चालायला जाता, दोन भाकऱ्यांची एक केली, रात्रीचा भात बंद, चहातली साखर निम्मी, आणि तरी गेले चार महिने काटा हलंना. ६० करायचंय. आता कीटो (म्हणजे भाकरी-भात जवळजवळ बंद आणि तूप-तेल जास्त) करू का, सोळा तास उपाशी राहू का, का थायरॉईडच असेल, असं विचारलंय तुम्ही.

मी सोलापुरातच अठरा वर्षं आहाराचा सल्ला देतेय, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त चिडचिड याच टप्प्यावरच्या लोकांची होते. ९० किलोचा माणूस आला की पहिल्या महिन्यात चार किलो उतरतात, तो खूश, मी खूश. पण ६३ वाली ताई येते, वहीत सगळं बरोबर लिहिलेलं असतं, आणि म्हणते "मॅडम, मी काहीच खाईना झालेय, तरी हे हलंना." ती खोटं बोलत नसते. पण तिची वही अर्धीच असते, त्यावर येतेच.

आधी काटा का थांबला ते बघू. भरलेल्या एसटीला घाटात जेवढं डिझेल लागतं तेवढं रिकाम्या एसटीला लागत नाही, इतकं साधं आहे ते. ७४ किलोचं शरीर नुसतं जिवंत ठेवायला, उठायला, बसायला, तलावाची चक्कर मारायला जे इंधन लागायचं त्यापेक्षा ६३ किलोला कमी लागतं, तुमच्या बाबतीत फरक ढोबळमानाने दिवसाला दीडशे कॅलरींच्या आसपास निघतो. वर शरीर थोडी कंजूषीही करतं, वजन उतरल्यावर माणूस नकळत कमी हलतो, भूक थोडी जास्त लागते. म्हणजे ज्या जेवणाने तुम्ही ११ किलो उतरवले तेच जेवण आता तुम्हाला ६३ वर धरून ठेवतंय. तुमचं काही चुकलेलं नाहीये, गणित बदललंय.

आता ही दीडशे कॅलरी म्हणजे किती ते सोलापूरच्या भाषेत सांगते. आपली शेंगाचटणी. दाणे भाजले, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात कुटले की कुटता कुटता तेल सुटतं आणि चटणीचा ओलसर गोळा होतो, ते तेल कुणी वरून घातलेलं नसतं, दाण्यातलंच असतं. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. एक चमचा शिगोशीग भरला की १५ ग्रॅम, म्हणजे ऐंशीच्या पुढे. दोन चमचे झाले की तुमचे दीडशे संपले. आणि ताटात चटणी दोन चमच्यांवर थांबते का कधी? भाजी कमी तिखट झाली म्हणून थोडी, शेवटचा भाकरीचा तुकडा उरला म्हणून थोडी, मग त्यावर दही. चटणी सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यात चांगलं प्रोटीन आहे आणि सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडा सांगणारा डायटिशियन दुसऱ्या महिन्यात दुकान बंद करेल. फक्त चटणी डब्यातून थेट भाकरीवर घ्यायची नाही, ताटात एकदा घ्यायची, दिसेल अशी, आणि डबा झाकून कट्ट्यावर परत.

आता अर्धी वही. लोक जेवण लिहितात. ताटाबाहेरचं लिहीत नाहीत, कारण ते खाल्लंय हे डोक्यात नोंदवलंच जात नाही. अशोक चौकाकडून एक ताई यायच्या, तुमच्यासारख्याच, शेवटचे चार किलो. त्यांना मी सांगितलं की तीन दिवस नाश्ता, जेवण काहीच लिहू नका, फक्त उभ्याने, चालता चालता, दुसऱ्याच्या ताटातलं आणि पातेल्यातलं जे तोंडात जाईल तेवढंच लिहा. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आणलं. पोराच्या डब्यातून परत आलेला अर्धा पराठा, "टाकून कशाला द्यायचा" म्हणून. चहाबरोबर तीन मारी. दुपारी दाणे भाजले तेव्हा कढईतून मूठभर. रात्री लेकीच्या ताटातला दोन घास वरणभात. बाकी फोडणीची चव, आमटीची चव वगैरे मी सोडूनच दिलं. तरी बेरीज पावणेचारशेच्या घरात गेली. त्यांना स्वतःलाच हसू आलं, म्हणाल्या "ह्याच्यात माझं एक आख्खं जेवण झालं की ओ, आणि जेवल्यासारखं वाटलं पण नाही." ह्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. पोटात गेलं पण जेवण झालं नाही.

म्हणून ह्या टप्प्यावर मी नवीन डाएट देत नाही, लक्ष देऊन खायला शिकवते. इंग्रजीत ह्याला माइंडफुल ईटिंग म्हणतात आणि आता त्याचं फार फॅड झालंय, पण गोष्ट जुनी आहे. आपल्याकडे ताटावर बसल्यावर हात जोडायचे, ताटाभोवती पाणी फिरवायचे, श्लोक म्हणायचा, मगच पहिला घास. धर्माचं बाजूला ठेवा, पण अन्न समोर असताना अर्धा मिनिट थांबायची सवय त्यातून लागायची. आता अर्धा मिनिट जातं ते रिमोट शोधण्यात.

पहिल्या भेटीत मी पेशंटच्या हातावर एकच भाजलेला शेंगदाणा ठेवते. ही कल्पना माझी नाही, अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात सुरू केलेल्या ध्यानाच्या कोर्समध्ये एक बेदाणा खायला देतात, मी बेदाण्याच्या जागी दाणा आणला एवढंच. दाणा बघायचा. कुठे जास्त भाजलाय, कुठे फिक्का आहे. बोटांत चोळायचा, लाल साल सुटतं, फुंकर मारायची. दोन पाकळ्या वेगळ्या होतात, टोकाला तो बारका कोंब असतो. वास घ्यायचा. जिभेवर ठेवायचा पण चावायचा नाही, तोंडाला पाणी सुटतं ते बघायचं, मग एकदाच चावायचा. आधी भाजल्याची चव, मग गोडसर, मग तेल जिभेवर पसरतं, शेवटी कोंबाचा हलका कडूपणा. मिनिट दीड मिनिट जातं. एक काका होते, रिटायर्ड, ते म्हणाले "मॅडम, एका शेंगदाण्याचे एवढे पैसे घेतलाव का तुम्ही?" मी म्हटलं घेतले, आता घरी जाऊन रोज मूठभर खाता त्यातले पहिले दहा असेच खाऊन बघा. आठ दिवसांनी आले ते सांगत की सात-आठ दाण्यांनंतर चव वेगळी येतच नाही, नुसता हात चालू राहतो. बरोबर आहे, एकाच चवीचा कंटाळा जिभेला लवकर येतो, पण टीव्हीपुढे तो कंटाळा आपल्याला कळतच नाही. आता ते दाणे मोजत नाहीत, कंटाळा आला की थांबतात.

रोज प्रत्येक घास असा खायचा का? नाही हो, ऑफिसला कधी पोचणार मग. माझी मागणी एवढीच, दिवसातल्या एका जेवणाचे पहिले पाच घास. तेवढ्यात मोबाईल पालथा, टीव्ही बंद, बोलणं नाही. पाच घासांत जेवणाची चाल ठरते, पुढचं आपोआप त्याच चालीत जातं, निदान बऱ्याचदा जातं.

आता भाकरी खाणाऱ्या माणसाची एक खास खोड सांगते, आजच रात्री स्वतःचा हात बघा. तोंडात घास असतो आणि उजव्या हाताने पुढचा तुकडा मोडून, भाजीत बुडवून, तयार धरलेला असतो. तोंडातला अजून चावतोच आहोत आणि हा दारात उभा. मग चावायचं कसलं, आधीचा ढकलायचाच. चमच्याने खाणाऱ्याला सांगतात चमचा खाली ठेवा, आपल्याला मी सांगते घास गिळेपर्यंत भाकरी मोडायची नाही, हात ताटाच्या कडेला नुसता टेकवून ठेवायचा. पहिले दोन दिवस फार विचित्र वाटतं, हाताला काय करावं सुचत नाही. पण सात मिनिटांत उरकणारं जेवण पंधरावर जातं आणि फरक तिथेच पडतो, कारण पोट ताणल्याचा आणि आतड्यातून सुटणाऱ्या हार्मोन्सचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवलात तर दुसरी भाकरी घ्यायची का हा निर्णय पहिलीचा निरोप यायच्या आधीच झालेला असतो.

खाण्याच्या वेगावरून आठवलं. २०१९ मध्ये केविन हॉल या संशोधकाने अमेरिकेत २० लोकांना दोन दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं, एकदा पाकिटातलं कारखान्यात बनलेलं, एकदा घरगुती पद्धतीचं, हवं तेवढं खा म्हणून. पाकिटातल्या जेवणावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि ते खाल्लंही जास्त वेगाने. मऊ, न चावता जाणारं अन्न भरभर जातं. म्हणून भाकरी रश्श्यात कुस्करून खाता ना, त्यात तीच भाकरी निम्म्या वेळात संपते. रविवारच्या मटणाला चुरलेली भाकरीच लागते हे मला मान्य आहे, मी स्वतः तशीच खाते, पण रोजच्या आमटीला मोडून खा.

कडक भाकरीबद्दल खूप जण विचारतात, "डाएटला चांगली ना मॅडम?" ज्वारीच, पण जरा सांभाळून. चावायला वेळ लागतो, कुरकुर आपल्या कानाला ऐकू येते, लक्ष देऊन खायला ह्यासारखी चीज नाही. पण गरम भाकरीत बरंच पाणी असतं आणि कडकमधलं पाणी उडून गेलेलं असतं, हाताला हलकी लागते पण पीठ तेवढंच. संध्याकाळी सिरियल बघत चटणी लावून तीन कडक भाकऱ्या मोडल्या तर ते जेवणच झालं, त्यानंतर रात्रीचं वेगळं जेवण घेतलं तर दिवसात एक जेवण जास्त.

भूक खरी का खोटी हे ओळखायला पुस्तकात एक ते दहाचा स्केल असतो. मला तो कधी जमला नाही, पेशंटलाही नाही, सगळे आपलं "पाच" म्हणतात. मी शिळ्या भाकरीची परीक्षा लावते. संध्याकाळी साडेपाचला काहीतरी खावंसं वाटतंय, तर स्वतःला विचारायचं, आत्ता सकाळची भाकरी आणि ताक समोर आलं तर खाईन का? खाईन असं आलं तर भूक आहे, खा, बिनधास्त खा, उगीच मारू नका. नको, भजीच पाहिजे असं आलं तर ती भूक नाही, कंटाळा असेल, डोकं तापलं असेल, नाहीतर कोपऱ्यावरून तळणाचा वास आला असेल. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण उगीच नाही. आणि भजीच पाहिजे असेल तर कधीतरी भजीच खा, पण बसून, गरम, प्लेटमध्ये मोजून घेऊन. कागदातून उभ्याने खाल्लेली भजी किती खाल्ली ते कुणालाही सांगता येत नाही.

एक गोष्ट बाहेरच्या कुणाला कळणार नाही, सोलापूरकरांना लगेच कळेल. नळाला पाणी यायचा दिवस. काही दिवसांआड येतं, कधी पहाटे कधी रात्री, त्या दिवशी घरात बाई जेवत नाही, फक्त तोंडात टाकते. मोटर, टाकी, बॅरल, हंडे, मध्येच उभ्याने चहा आणि खारी, स्वयंपाक उशिरा म्हणून पोहे दोनदा, आणि सगळं भरून झालं की दमून "आता काहीतरी चांगलं खाऊ" म्हणून बाहेरचं. वह्या बघताना मला हे इतक्या जणींत दिसलं की आता मी पाण्याचा दिवस वेगळा विचारते. उपाय साधाच, आदल्या रात्री दोन धपाटे करून ठेवायचे, दह्याबरोबर, आणि मोटर चालू असतानाच दहा मिनिटं खाली बसून खायचे. टाकी भरायला तेवढा वेळ लागतोच.

दुसरं म्हणजे आग्रह. तुम्ही सासूबाईंचं लिहिलंय, "घे गं एवढुशी, वाया जाईल." त्यांना कॅलरी समजावून सांगू नका, भांडण होतं. आई, फार छान झालंय, पोट भरलं, उद्या सकाळी हेच खाईन, असं म्हणून स्वतः उठून डब्यात काढून ठेवा, त्यांच्यासमोर. त्यांना वाया जाण्याची चिंता असते, तुमच्या वजनाशी त्यांचं काही वैर नाही. आणि ताट वाढताना पहिल्यांदाच सगळं घेऊ नका, आग्रहाला जागा ठेवा, मग त्यांनी वाढलेलं तुमच्या हिशोबातलंच असेल.

छोटं ताट घ्या म्हणजे कमी खाल्लं जातं हा सल्ला मीसुद्धा वर्षानुवर्षं दिलाय. तो ज्यांच्यामुळे फार गाजला ते कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक, त्यांचे बरेच शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले, २०१८ मध्ये एकाच वेळी सहा. त्यामुळे मी आता छोट्या ताटाच्या मागे लागत नाही. लक्ष नसेल तर छोटं ताट चार वेळा भरतं.

तुमच्या तीन शंका पटकन उरकते. कीटो: भाकरीच्या घरात तीन महिन्यांच्या वर टिकलेली बाई मी क्वचितच बघितली, आणि सुरुवातीला जे भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं, भाकरी परत सुरू झाली की ते पाणी परत येतं. सोळा तास: वाईट नाही, पण जादूही नाही, २०२२ मध्ये चीनमधला १३९ लठ्ठ लोकांवरचा वर्षभराचा अभ्यास आला, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाला फक्त आठ तासांतच खायला सांगितलं, वर्षाअखेर वजनात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. तुम्हाला रात्री अकराला चरायची सवय असेल तर आठनंतर स्वयंपाकघर बंद एवढं करा, पुरे. थायरॉईड: टीएसएच ही रक्ताची तपासणी करून घ्या, स्वस्त टेस्ट आहे, थकवा, केस गळणं, पाळी बिघडणं असेल तर नक्कीच. पण आधी ११ किलो व्यवस्थित उतरलेत म्हणजे मला तिथे फार काही सापडेल असं वाटत नाही. डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या वाचकांनी मात्र जेवणाच्या वेळांशी स्वतःच्या मनाने खेळू नये, साखर खाली गेली तर भलतंच होईल, डॉक्टरला विचारून करा. आणि ज्यांना आधी कधी अधाशासारखं खाणं, मग ओकणं, मग उपास असला त्रास झालाय त्यांनी ह्या ताटाबाहेरच्या वहीच्या नादाला लागू नका, तुमचा उपचार वेगळा.

काट्याबद्दल. लग्नाचं जेवण झालं, नाहीतर आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एक चक्कर झाली की दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवतो आणि मला सकाळी सातला मेसेज येतो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, एका रात्रीत जास्तीच्या साडेअकरा हजार खाणं शक्य तरी आहे का? ते मीठ आणि त्याने धरलेलं पाणी, दोन-तीन दिवसांत जातं. पाळीच्या आधीही तसंच. रोज करायचं तर रोज करा पण आठवड्याची सरासरी बघा, नाहीतर आठवड्यातून एकदाच, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर. आणि हिशोब आधीच मनाशी ठेवा: दिवसाला सव्वादोनशे कॅलरी कमी झाल्या तर तीन किलोला साडेतीन महिने, तेही कागदावर. प्रत्यक्षात पाच धरा. ज्याने एका महिन्याचं वचन दिलं त्याच्याकडे जाऊ नका.

आता मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते, ६०च का? लग्नात तेवढं होतं म्हणून? तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, आता २४.६ आहे, आपल्याकडे २३ च्या खाली बरा मानतात, ६० ला तो २३.४ होईल, म्हणजे इच्छा चुकीची नाही. पण मी आधी कंबर मोजेन. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, साखर-बीपी नॉर्मल, आणि चार महिने ६३ वर टिकलंय, अशी पेशंट माझ्यासाठी पास आहे. उतरलेलं वजन चार महिने टिकवणं हे उतरवण्यापेक्षा अवघड असतं, ते तुम्ही केलंय आणि त्याला तुम्ही "अडकलंय" म्हणताय. नुसतं लक्ष देऊन खाल्ल्याने किलोच्या किलो उतरतात असा दावाही मी करणार नाही, अभ्यासांत ह्याचा मुख्य फायदा दिसतो तो ताणात, रागात, कंटाळ्यात होणारं खाणं कमी होण्यात, वजनावरचा परिणाम माफकच असतो. पण शेवटच्या तीन किलोंना माफकच लागतं.

चालण्यात मात्र एक बदल करा. तलावाच्या चकरा बाकी दिवस आहेत तशाच ठेवा, आठवड्यातले दोन दिवस त्याऐवजी घरीच खुर्चीवरून उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणं असं वीस-पंचवीस मिनिटं. आणि दुपारच्या जेवणात एक वाटी मोड आलेली मटकी किंवा घट्ट वरण वाढवा, वजन उतरताना स्नायू जाऊ नयेत म्हणून.

सुरुवात उद्यापासून नको. आधी तीन दिवस फक्त ताटाबाहेरचं लिहा, काही बदलू नका, चांगलं दिसावं म्हणून हात आवरून खाऊ नका. त्या तीन दिवसांत एक रविवार आणि एक नळाचा दिवस आलाच पाहिजे. ते लिहून झालं की त्यातली सगळ्यात बेचव वाटलेली एक गोष्ट निवडा, जी खाल्लेली आठवतसुद्धा नाही अशी, आणि पहिल्या महिन्यात तेवढीच बंद करा. बहुतेकींची ती मारी बिस्किटं निघतात.